काल्हेरचा गोदामी गृहस्थ

मराठीत माणसांचे प्रकार त्यांच्या लक्षणांवरून ठरवण्याची रीत जुनी असून 'दासबोधा'चा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी उघडतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांशी येऊन थांबतो. समर्थांच्या काळी भिवंडीच्या वाटेवर आजच्यासारखी मालाची गोदामे नव्हती, त्यामुळे त्या मांडणीत एक प्रकार राहून गेला. तो म्हणजे दिवसभर परक्याचे गोदाम सांभाळून संध्याकाळी स्वतःचे घरही त्याच शिस्तीने लावू पाहणारा माणूस. सोयीसाठी त्याला येथे 'गोदामी गृहस्थ' म्हटले आहे. तो मूर्ख नाही आणि पढतमूर्ख ठरण्याइतके वाचन त्याने केलेले नाही. त्याला जे ठाऊक असते ते बहुतांशी बरोबर असते, आणि घरच्यांची खरी अडचण हीच आहे.

हा प्रकार काल्हेरातच का निपजावा, याचे कारण भूगोलात आणि थोडे करपद्धतीत सापडते. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते आणि तिला लागूनच काल्हेर. जकात, म्हणजे शहराच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर पालिका वसूल करीत असे तो कर, मुंबईत होती तोपर्यंत हद्दीबाहेर पण मुंबईच्या दाराशी माल साठवण्याची ही सोयीची जागा होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या शेड आल्या, शेडच्या मधूनमधून उंच इमारती आल्या, आणि ठाण्यातल्या घराचा भाव ऐकून पुलाच्या अलीकडचा नाद सोडलेली कुटुंबे पलीकडे राहायला आली. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक असतात; त्यात ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो पाच मार्गिकेचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाल्यापासून खांबांच्या कामाची धूळही आली. दुसऱ्या अंगाला खाडी असल्याने हवा दमट. कोरडी धूळ झटकता येते, दमट धूळ बसते ती उठत नाही, आणि सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. अशा गावात स्वच्छतेचे तत्त्वज्ञान निर्माण झाले नसते तरच नवल.

गोदामी गृहस्थ हुद्द्याने सुपरवायझर किंवा स्टोअरकीपर असतो. पॅलेट म्हणजे माल जमिनीवर न टेकता ज्यावर रचतात ती लाकडी चौकट, आणि बिनकार्ड म्हणजे प्रत्येक कप्प्याला लटकवलेले, आलेला–गेलेला–उरलेला माल नोंदवण्याचे कार्ड. या दोन गोष्टींवर त्याची श्रद्धा कुलदैवताच्या खालोखाल असते. त्यामुळे त्याच्या घरात तांदळाचा डबा जमिनीवर दिसत नाही, तो पाटावर असतो, आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीने आवक दिनांक लावलेला असतो. याला हसण्यापूर्वी एक मान्य केले पाहिजे की आधी आलेला माल आधी बाहेर काढावा हा गोदामाचा नियम, ज्याला ते लोक 'फिफो' म्हणतात, स्वयंपाकघरात अतिशय उपयोगी आहे. नव्या रव्याची पिशवी जुन्या रव्यावर ओतण्याची जी सर्वमान्य चाल आहे तिने तळाचा रवा वर्षानुवर्षे तळालाच राहतो आणि पोरकिड्यांच्या पिढ्या त्यात सुखाने नांदतात. जुना रवा आधी संपवावा, डबा रिकामा करून पुसून उन्हात ठेवावा आणि मगच नवा भरावा, हे त्याने सांगितले तेव्हा घरातील स्त्रीने ते मुकाट्याने स्वीकारले. हे यश त्याच्या डोक्यात गेले, आणि पुढचा सारा इतिहास तेथून सुरू होतो.

त्याचे दुसरे शास्त्र जपानी आहे. जपानी कारखान्यांत रुजलेल्या आणि आता जगभरच्या गोदामांच्या भिंतींवर फलकरूपाने लटकणाऱ्या पद्धतीत पाच पायऱ्या सांगितल्या जातात: सैरी म्हणजे नको ते वेगळे काढणे, सैतोन म्हणजे उरलेल्याला जागा नेमून देणे, सैसो म्हणजे झाडपूस, सैकेत्सु म्हणजे हे सारे एका ठरलेल्या रीतीने होत राहावे अशी व्यवस्था, आणि शित्सुके म्हणजे ती रीत अंगवळणी पडणे. रविवारी सकाळी चहानंतर गोदामी गृहस्थ पहिल्या पायरीला हात घालतो, दुपारी बाराच्या सुमारास दुसरीपर्यंत येतो, आणि तिसरीच्या तोंडाशी त्याला जेवणाची आठवण होते. त्या वेळी घरातील सर्व वस्तू कपाटांच्या बाहेर, दिवाणखान्याच्या मधोमध असतात. तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी त्याची वामकुक्षी चालू असताना दुसऱ्या कुणाकडून पार पडतात, आणि चार वाजता उठून सर्व जागच्या जागी पाहिल्यावर पद्धतीवरचा त्याचा विश्वास आणखी दृढ होतो.

वर्गीकरणाच्या बाबतीत तो इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो परेतो (१८४८–१९२३) याचा दूरचा वारस आहे, जरी ते नाव त्याने कधी ऐकलेले नसते. थोड्या वस्तूंत बहुतेक मोल किंवा बहुतेक वापर साठलेला असतो, या परेतोच्या नावे चालणाऱ्या विचारातून मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडण्याची पद्धत निघाली. गोदामी गृहस्थ तिचा वापरापुरता अर्थ घेतो: रोज लागणारे ते 'अ', हाताच्या अंतरावर; क्वचित लागणारे ते 'क', माळ्यावर. या न्यायाने तवा, पोळपाट आणि कुकर 'अ' वर्गात बसतात, तर मोदकपात्र, पुरणयंत्र आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर जातात. येथपर्यंत हरकत नाही. परंतु ज्या वस्तूचा वापर वर्षातून एकदा आणि त्या एका दिवशी सकाळी सातलाच असतो, तिचा वर्ग सरासरीवरून ठरत नाही, हे कोणत्याही गृहिणीला न शिकता कळते. गणेशचतुर्थीला पहाटे "अहो, मोदकपात्र काढून द्या" या वाक्याला "काल मागणीपत्र द्यायला हवे होते" असे उत्तर देण्याचे धैर्य काल्हेरात एखाद्यानेच दाखवले असेल, आणि त्याला उकडीचे मोदक मिळाले असतील असे वाटत नाही.

प्रत्यक्ष घासपुशीचे ज्ञान त्याला फोनवर येते आणि तो ते खात्री न करता पुढे पाठवतो. त्यातील सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंकमध्ये ओतणे. फेस भरपूर येतो आणि फेस येतो म्हणजे काम होते, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः सोडा अल्कलीधर्मी आणि व्हिनेगर आम्ल असल्यामुळे दोघे एकमेकांना निकामी करतात, वायू उडून जातो आणि मागे राहते ते बव्हंशी खारट पाणी. दोन्ही पदार्थ कामाचे आहेत, पण वेगवेगळे. एग्झॉस्ट पंख्यावरचा तेलाचा चिकटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने सुटतो, कारण अल्कली तेलकटाचा काही अंशी साबणच करते. मात्र हाच सोडा ॲल्युमिनियमच्या कढईला लावला तर कढई काळी पडते. नळावरचे पांढरे डाग हे पाण्यातील चुन्याचे असल्याने त्यांना लिंबू, व्हिनेगर किंवा वाण्याकडचे लिंबूसत्त्व लागते, आणि चिंचेने तांब्या-पितळ्याची भांडी उजळतात तीही आम्लाच्याच बळावर. येथे कडाप्प्याच्या ओट्याचा उल्लेख टाळता येत नाही. कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आम्ल त्याला खाते, आणि गोदामी गृहस्थाच्या घरच्या ओट्यावर नळ चमकवण्यासाठी ठेवलेल्या अर्ध्या लिंबाचा जो फिकट गोल उमटलेला असतो तो कोणत्याही पावडरने जात नाही. त्यावर आता कायमचा मिक्सर ठेवलेला असतो. थट्टेचा भाग एवढाच. संडास धुण्याचे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच "दुप्पट जोर येईल" म्हणून एकत्र केल्यास क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो, तेव्हा हा एक प्रयोग त्याच्या हातून काढून घेण्यात कोणीही भीड धरू नये.

वरून खाली आणि कोरडे आधी, ओले नंतर, हा क्रम मात्र त्याला पक्का ठाऊक असतो आणि दिवाळीपूर्वी तो सर्वांना ऐकवतो. आधी जळमटे, मग पंखा, मग कपाटांचे माथे, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुन्या उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ गादीवर न पडता अभ्र्यातच राहते. हे सर्व तो शिडी धरून सांगतो. शिडीवर दुसरे कुणीतरी असते. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात बोलत. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गोदामी गृहस्थाला बाबांविषयी आदर आहे, फक्त त्याने कीर्तन आधी घेतले आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याचा मान मात्र तो दुसऱ्याला देत नाही, आणि वर्षातून त्या एका दिवशी केरसुणी त्याच्या हातात दिसते.

त्याच्या साऱ्या शिस्तीत एक भगदाड आहे, ते म्हणजे खोका. पन्हळी पुठ्ठ्याचा खोका, म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये लाटांसारखा वळवलेला कागद चिकटवून केलेली पेटी, गोदामाच्या परिसरात हवेइतकी मुबलक मिळते. चांगला, न दबलेला, एका बाजूला बाण छापलेला खोका टाकून देणे हे गोदामी गृहस्थाला पाप वाटते. पहिल्या पायरीत बाजूला काढलेले नको असलेले सामान तो खोक्यात भरतो, खोक्यावर 'इतर' असे लिहितो आणि खोका माळ्यावर ठेवतो; मग खोके ठेवण्यासाठी एक मोठा खोका आणतो. गोदामात माल येतो तसा जातो, म्हणून गोदाम नीट राहते. घरात येणारा माल जातच नाही, बोहारणीला द्यायला काढलेली साडीसुद्धा "अजून चांगली आहे" म्हणून परत आत येते, आणि भंगारवाल्याच्या तराजूपर्यंत पोचलेली किटली ऐन वेळी मागे घेतली जाते. खोक्यांनी हा दोष झाकला जातो, इतकेच. शिवाय त्या पन्हळींच्या फटीत झुरळांना हवा तसा अंधार आणि उबारा मिळतो, आणि पुठ्ठा चिकटवण्याची खळ बहुधा पिष्टाची असल्यामुळे कसरीलाही जेवण मिळते. काल्हेरातल्या सर्वांत टापटिपीच्या घरात रात्री दिवा लावला असता भिंतीवर जी पळापळ होते तिचा उगम बहुधा 'इतर' या शीर्षकाखाली सापडतो. झुरळांसाठी बोलावलेल्या फवारणीवाल्याने माळ्याकडे पाहून "आधी हे खाली काढा" असे म्हटले, तर गोदामी गृहस्थ त्याला खोक्यांवरचे क्रमांक दाखवतो.

मार्चअखेरीस घरात मालमोजणी होते. नोंदीतला साठा आणि प्रत्यक्षातला साठा ताडून तूट किंवा वाढ काढण्याची ही गोदामाची वार्षिक रीत स्वयंपाकघरात लावली की दरवर्षी एकच चमत्कारिक निष्कर्ष निघतो: स्टीलचे तीन डबे कमी आणि चार डबे जास्त. जास्तीच्या डब्यांवर परक्या घरांची नावे कोरलेली असतात. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हा नियम कोणत्याही फलकावर लिहिलेला नसल्याने गोदामी गृहस्थाने तो हिशेबात धरलेला नसतो. एका तुटीचा माग काढला असता असे दिसते की बेसनाचे लाडू घेऊन गेलेला डबा समोरच्या आगरी घरी आहे, त्या घरचा डबा सुक्या जवळ्याची चटणी घेऊन इकडे आला, चटणी त्याच संध्याकाळी भाकरीबरोबर संपली आणि रिकामा डबा शंकरपाळे घेऊन तिसऱ्याच मजल्यावर गेला. आवक कोणत्या दिनांकाची, वजन काय, चलान कुठे, यांपैकी कशाचेही उत्तर घरात कुणी देत नाही. गोदामाच्या हिशेबात निघालेल्या पण पोचपावती न आलेल्या मालाला 'मार्गस्थ माल' म्हणतात. बऱ्याच विचाराअंती तो तिन्ही डब्यांपुढे तेच दोन शब्द लिहितो, वही मिटतो आणि जवळा अजून थोडा शिल्लक आहे का, असे आत विचारतो.