रोहितदर्शनाची पूर्वतयारी

भिगवणला रोहित पाहायला निघालेल्या पुणेकरांची तयारी पाहून ऊर भरून येतो. उजनीच्या फुगवट्यात, गुडघाभर पाण्यात, भर उघड्यावर उभा असलेला हा चार फुटी पांढरा-गुलाबी पक्षी. तो नजरेतून निसटू नये म्हणून सहाशे एमएमची लेन्स. आपण त्याला दिसू नये म्हणून टोपीपासून मोज्यांपर्यंत झाडीच्या नक्षीचा जाड पोशाख, तोही मार्चच्या उन्हात. आसपास झाडी नाही, पण ती उणीव निसर्गाची.

होडीत पाऊल पडताच या साऱ्यावर भडक नारिंगी लाइफ जॅकेट चढते. हा मात्र वेषांतरकलेचा अपमान आहे. पुढच्या हंगामापासून जॅकेटेही पानाफुलांचीच द्यावीत. म्हणजे पाण्यात पडलेला पक्षीप्रेमी रोहितांना दिसणार नाही. काढायला आलेल्यांनाही नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

लाल टी-शर्टातल्या नावाड्याने मोटर बंद करून बांबूने होडी सरकवली. चिखलात चोच उलटी घालून जेवणाऱ्या थव्याने मानही वर केली नाही.

"सायेब, आजून जवळ घिऊ का?"

"नको, नको, मागे घ्या! लेन्समध्ये नुसता गुडघा येतोय."