लर्निंगवाले काका

बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणी विपश्यनेला जातं, कुणी भजनी मंडळात. लर्निंगवाले काका मोटार ट्रेनिंग स्कूलला जातात. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत हा नमुना सापडतो. मुलगा परदेशी, त्याची गाडी खाली कव्हरात, आणि ड्रायव्हरचा पगार ऐकून काकांचं बीपी वर.

चाळिशीपुढच्या उमेदवाराला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. काका ते लॅमिनेट करायला निघतात, काकू अडवतात. लर्निंगची परीक्षा साठ टक्क्यांना पास करते; काका बोर्डात यायच्या ईर्ष्येनं बसतात. चिन्हं पाठ, दंड पाठ, कलमंसुद्धा पाठ.

खरी पंचाईत गाडीत बसल्यावर.

शिकवणारा पंचविशीचा. त्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक, त्यामुळे गाडी कुणाचं ऐकतेय हे कळायला मार्ग नाही. तो ओरडतो, "काका, हाफ क्लच!" काका शांतपणे विचारतात, "हाफ म्हणजे नक्की किती?" आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जुळवलेल्या माणसाला असलं अंदाजपंचे चालत नाही. पांढऱ्यावर लाल 'एल'ची पाटी १८ सेंटिमीटर चौरस असावी असा नियम आहे. काकांनी पट्टी लावली, स्कूलची पाटी आखूड निघाली. त्या दिवशी गाडी अर्धा तास उशिरा सुटली.

एकदा स्वारगेटला डावीकडे वळायचं होतं. नियमाच्या पुस्तकात डावीकडे वळतानाही उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायला सांगितलंय. काकांनी फिरवला. मागच्या तीन दुचाकींनी त्याचा अर्थ 'या, या, पुढं या' असा घेतला आणि त्या आल्या. पिवळा दिवा लागला की काका थांबतात, हा तर निव्वळ आगाऊपणा. मागचे हॉर्न तसं मोठ्यानं सांगतातही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. काका एकतिसाव्या दिवशी हजर. चढावर गाडी मागं न घसरता निघाली, रिव्हर्सही जमला. पोस्टानं कार्ड आलं, मुदत पाच वर्षं. पंचावन्नपुढं तेवढीच मिळते. काकांना ते एक्स्टेन्शन वाटलं.

गाडी अजून कव्हरातच आहे, कारण पार्किंगची जागा गेली तर? काका रिक्षानं फिरतात आणि मागच्या सीटवरून उजव्या पायानं ब्रेक दाबत राहतात. परवा रिक्षावाल्यानं डावा पाय बाहेर काढून वळण घेतलं.

"ही खूण कुठल्या नियमात बसते?" काकांनी विचारलं.

"काका, लायसन नवीन आहे का?"