डाऊन फास्टने कोरियाला कसे जावे
(ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील पासधारकांसाठी नियमावली)

१. मालिकेची निवड
परदेशी मालिका निवडताना नवखी माणसे परीक्षणे वाचतात. जाणत्याने अंतर बघावे. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. ठाणेकराच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो, तेव्हा त्याने वीस-बावीस मिनिटांच्या अमेरिकन विनोदी मालिकांवर भागवावे. कोरियन मालिकेचा भाग तास-सव्वा तासाचा असतो, म्हणजे ती डोंबिवलीकरासाठीच घडवलेली आहे. तुर्की मालिकांचे भाग दोन-दोन तासांचे. ‘दिरिलिश एर्तुग्रुल’मध्ये टोळीची बैठक बसून निर्णय होईपर्यंत कल्याण येऊन जाते. तुर्की मालिका रविवारच्या मेगाब्लॉकसाठी राखून ठेवाव्यात.

२. जागेनुसार प्रकार
‘स्क्विड गेम’मध्ये ४५६ खेळाडू ४५६० कोटी वॉनसाठी जिवावर उदार होतात. २०२१ साली जग हे पाहून हादरले. डोंबिवलीच्या फलाटावर फारसे कोणी हादरले नाही. तिथे रोज सकाळी तेवढीच माणसे दोन डब्यांसमोर तयारीत उभी असतात आणि बक्षीस असते चौथी सीट. या सीटवर निम्मा देह अधांतरी असल्याने तिथे थरारमालिकाच शोभते. विंडोवाल्याने प्रेमकथा बघावी, त्याला वारा लागतो. दारात उभे असणाऱ्याने काहीही बघू नये. फोन खिशात ठेवून दांडा धरावा.

३. लेडीज डब्यासाठी खास सूचना
भाजी कोणती निवडायची हे मालिकेच्या भाषेवर ठरते. सबटायटल वाचायची असतील तर मटार घ्यावेत. ते नजर न वळवता सोलता येतात आणि शेंग रिकामी झाली की बोटांना कळते. मेथीला डोळे लागतात, म्हणून मेथीच्या दिवशी हिंदीत डब केलेलेच बघावे. हा नियम मोडल्यास नायक-नायिकेची ताटातूट होते त्या प्रसंगी काड्या पिशवीत आणि पाने सीटखाली जातात.

४. शेजारचे काका
काका मान वाकडी करून फुकट बघतात. त्याला हरकत घेऊ नये. सबटायटल मोठ्या अक्षरांत ठेवावीत. काका मध्येच विचारतील, “ही मघाचीच का?” त्यावर नाव सांगू नये, नाते सांगावे: “त्याच्या चुलत्याची धाकटी.”
जर्मन ‘डार्क’ तर काकांशिवाय बघूच नये. तिथे एका गावातली चार घराणी, ३३ वर्षांच्या उड्या आणि आपल्याच बापाला त्याच्या लहानपणी भेटणारी माणसे आहेत. जग वंशवृक्ष काढून थकले. काका मुंब्र्याच्या आत सांगतात, “म्हणजे मामाच की तो!” काळाच्या घोटाळ्यांचे त्यांना नवल वाटत नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका वर्षानुवर्षे ‘लवकरच’ होती आणि फेब्रुवारी २०२२मध्ये खरोखर सुरू झाली, हे त्यांनी याच देही पाहिले आहे.
काका ठाण्याला उतरत असल्यास उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणे बंधनकारक आहे. मात्र ग्रुपमध्ये कोणी पुढचा भाग आधीच फोडला, तर त्याने सर्वांना वडापाव द्यावा. चटणी वेगळी बांधून आणावी.

५. स्थानिक अभिमान
कोरियन झोंबी बघून फार भारावू नये. ‘ऑल ऑफ अस आर डेड’ २८ जानेवारी २०२२ला आली. आपला ‘झोंबिवली’ २६ जानेवारीला थिएटरात लागला होता. दोन दिवसांनी का होईना, पहिला मान आपला. हे वाक्य डब्यात मोठ्याने म्हणावे, कोणीही विरोध करत नाही.

६. घरातील वर्तन
घरी आल्यावर आईच्या मालिकेला नाक मुरडू नये. ‘आई कुठे काय करते’ मूळची बंगालीतली. तुम्ही लहानपणी आवडीने पाहिलेली ‘जस्सी’ थेट कोलंबियाहून आली होती. मालिका देश बदलतात, सासू तीच राहते. कोरियन सासूही नोटांचे पाकीट पुढे सरकवून मुलीला म्हणते, माझ्या मुलाचा नाद सोड. आईला एवढे सांगितले की पुरते. देश सांगायची गरज नसते.
आई विचारेल, “किती भाग?” सोळा, असे चाचरत सांगावे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. त्या सगळ्यांतून गेलेल्या बाईला सोळा म्हणजे नुसती नांदी. “मग यात लग्न कधी आणि विहीणबाई रुसणार कधी?” या प्रश्नाला उत्तर नाही. गप्प बसावे.

७. सर्वांत महत्त्वाची खबरदारी
अकाउंटचा पासवर्ड आईला देऊ नये. दिल्यास पुढचा आठवडा तुम्ही रोज एक भाग या वेगाने डोंबिवली गाठत असता, तेव्हा ती दुपारच्या निवांतात सोळाही भाग संपवते. मग चौथ्या दिवशी भात वाढताना सहज म्हणते, “तो मरत नाही हो, शेवटी येतो परत. तूप घे.”
कलम ४मधील वडापावाचा दंड आईला लागू नाही.