पैशाचं तेवढं त्यांच्याशी बोला

मराठी माणूस कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालू शकतो. साडीच्या दुकानात "आम्ही नेहमीचे आहोत" एवढ्या एका वाक्यावर तो पदरासकट भाव खाली ओढतो. पण गाणाऱ्या माणसासमोर बसून "तुम्ही किती घ्याल?" असं विचारायची वेळ आली, की त्याला ठसका लागतो. मग तो उन्हाळ्याविषयी बोलतो, गायकाच्या गुरूंविषयी बोलतो आणि उठताना चपला शोधत म्हणतो, "त्याचं काय, आपण बघू. तुम्हाला नाराज करणार नाही."

समोरचा गायकही मराठीच असतो. "छे छे, तुम्ही द्याल ते" असं म्हणून तो हात जोडतो. मग दोघंही आपापल्या घरी वेगवेगळे आकडे सांगतात. कार्यक्रमाच्या रात्री शाल येते, श्रीफळ येतं आणि श्रीफळाच्या आडून एक बंद पाकीट येतं. निवेदक माइकवरून "फूल ना फुलाची पाकळी" म्हणाला, की जाणत्या गायकाने ओळखावं, पाकळीच आहे. गायक नात्यातला असेल तर पाकळीही नाही. "आपलाच आहे तो" या प्रशस्तिपत्रकावर त्याने तीन तास गायचं असतं आणि वर खुर्च्याही उचलू लागायचं असतं.

एवढी आपली भीड असल्यावर कार्यक्रम ठरवून देणारी एजन्सी जन्माला यायचीच होती. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं बोलायला मामांना पुढे करतात, तसं कलेच्या व्यवहारात हिला पुढे करायचं. लोकांना वाटतं, एजन्सीला पैसे द्यायचे ते कलाकार मिळवून देण्याचे. कलाकार काय, हल्ली फोनवरही मिळतो. आपण पैसे मोजतो ते पैशाच्या गोष्टीसाठी त्याच्या डोळ्यांत बघायला लागू नये म्हणून.

या बाबतीत खेडी शहरांच्या पुष्कळ पुढे आहेत. तिथे भीड नाही, पाकीट नाही. उघड्या राहुटीत उघड सौदा. पुणे–नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. एरवी हे टोमॅटोच्या बाजाराचं गाव. जवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे आणि तिथले शास्त्रज्ञ अवकाशातली अतिशय क्षीण कुजबूज ऐकत असतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात मात्र तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि तिथे कुजबुजीचं काम नसतं. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, टेबल, एक जाडजूड वही आणि वहीमागे मॅनेजर. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे पंच जीप भरभरून येतात आणि गावच्या खेळाची सुपारी देऊन जातात.

"औंदा किती, मॅनेजर?"

"पाटील, आधी तिथी तर सांगा."

"चैत्रातली अष्टमी."

इथे मॅनेजर वही मिटतो. अष्टमी म्हटलं की तो तेवढ्यापुरता संन्यासी होतो. कारण त्याच अष्टमीला पंचक्रोशीतल्या कितीतरी भैरवनाथांची जत्रा असते. पौर्णिमेचंही तेच. शहरात कलाकाराला सवड नसली तर वाढदिवसाची पार्टी रविवारवर ढकलता येते. देवाला तारीख बदलून मागता येत नाही. तिथ्या ठरलेल्या, मोठे फड मोजके. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त शिकवायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एकदा इथे आणावं. मोठ्या फडाची सुपारी आता लाखांत जाते आणि भरल्या तिथीचा भाव आडदिवसाच्या भावाला ओळख दाखवत नाही.

पंचांचे प्रश्नही ऐकण्यासारखे असतात. वग कोणता, हा प्रश्न बराच खालच्या क्रमांकावर असतो. माणसं किती, गाड्या किती, लाइट कशी, नाचणाऱ्या मुली किती, मागच्या साली शेजारच्या गावाला कोण आलं होतं आणि त्यांनी किती दिले, या क्रमाने चौकशी होते. शेवटचा प्रश्न खरा. तमाशा आपल्या गावात असला, तरी तो शेजारच्या गावाला दाखवायचा असतो. म्हातारा पंच तेवढा कोपऱ्यातून विचारतो, "गण-गवळण करता ना नीट? का एकदम सिनेमाची गाणीच?" मॅनेजर छातीवर हात ठेवून सांगतो, "गण, गवळण, बतावणी, वग, सगळं रीतसर. सकाळच्या हजेऱ्या वेगळ्या." तरण्या पंचांच्या कानात तो गाण्यांचं काय सांगतो, ते म्हाताऱ्याला ऐकू जात नाही. एकाच राहुटीत एकच खेळ दोन पिढ्यांना दोन तऱ्हांनी विकणं हे त्याचं कसब.

त्याच्या वहीत नुसत्या तारखा नसतात, गावांचे स्वभाव असतात. कुठल्या गावात ट्रक शाळेपर्यंतच जातो, कुठे दोन भावक्यांचं जमत नसल्यामुळे मानाचा नारळ दोनदा फोडावा लागतो, कुठे पैसे मोजताना एक नोट नेहमी कमी भरते, हे सगळं त्याला पाठ. शिवाय आता कायदाही सांभाळायचा. एके काळी वग झुंजूमुंजू होईपर्यंत चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा कर्णा बंद केला. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा वगातल्या राजाने राज्य गमावायचं आणि परत मिळवायचं, ते घड्याळाकडे बघून. गाव मात्र जुन्या हिशेबाने सबंध रात्रीचा खेळ मागतं आणि नव्या हिशेबाने अर्ध्या रात्रीचा भाव देऊ बघतं. या दोन हिशेबांच्या मधोमध मॅनेजर बसलेला असतो.

आणि तो बसलेला असतो म्हणूनच बोर्डावर उभी राहणारी बाई या घासाघिशीपासून लांब राहते. तिने लावणी म्हणावी आणि गावाने ती ऐकावी, मधे "पाच हजार कमी करा" हे वाक्य नको. हे नारायणगाव तमाशा कलावंत विठाबाईंचं आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली, असं दोनदा राष्ट्रपतिपदक मिळालं. आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पण उतारवयात त्यांना पैशाची चणचण चुकली नाही. टाळ्या आणि पदकं एका खात्यात जमा होतात, दवाखान्याचं बिल दुसऱ्याच खात्यातून द्यावं लागतं, हे ज्या गावाने पाहिलं, त्या गावात सौदा उघड्यावर होतो यात नवल नाही.

सुपारीची रक्कम मोठी दिसते, पण तिच्यावर डोळे ठेवून बसलेली तोंडंही पुष्कळ असतात. हंगाम सुरू होण्याआधी कलावंतांनी उचल घेतलेली असते. ती द्यायला फडमालकाने सावकाराकडून कर्ज काढलेलं असतं. तंबूतले तिकिटाचे खेळ चालले तर चालले. हिशेबाला हात देतात त्या चैत्रातल्या सुपाऱ्या. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. तिथ्या आल्या आणि गेल्या, देवांच्या जत्रा पुजाऱ्याने एकट्याने उरकल्या आणि वह्या कोऱ्या राहिल्या. एका करमणुकीवर किती चुली पेटतात, हे ती बंद पडल्यावर कळलं.

शहरातल्या एजन्सीकडे राहुटीऐवजी वातानुकूलित खोली असते आणि वहीऐवजी लॅपटॉप. तिथे "तिथी कोणती?" असं कुणी विचारत नाही, "बजेट काय?" असं विचारतात. बजेट सांगितलं की तुमची आवडनिवड आपोआप ठरते. सिल्व्हरमध्ये गायक एक आणि वाद्यं पेनड्राइव्हमध्ये, गोल्डमध्ये गायिका येते, प्लॅटिनममध्ये धूर सोडतात. हळदीला एक पॅकेज, संगीतला दुसरं, सोसायटीच्या गणपतीला तिसरं. आपल्याला हवा असतो जुन्या भावगीतांचा कार्यक्रम, बाहेर पडताना आपण खेळ पैठणीचा ठरवून आलेलो असतो, कारण "क्राउड त्यालाच येतो, सर." हा खेळ टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'ने २००४ पासून घरोघरी पोचवला आणि आता त्याच्यावाचून नवरात्र उजाडत नाही.

बिलातही एक मजा असते. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मोबदल्याला जीएसटी माफ आहे. तीच कला ठरवून देणाऱ्या एजन्सीच्या बिलावर अठरा टक्के लागतात. म्हणजे सरकारच्या लेखी लावणीला सवलत आहे, लावणीविषयी फोन करायला नाही. हा भेद ज्याने केला, तो मनातून रसिक असावा.

मध्यस्थांच्याही जाती आहेत आणि त्या ओळखता आल्या तर निम्मा मनस्ताप वाचतो. राहुटीतला मॅनेजर फडाचा माणूस. तो तुमच्याशी गोड बोलेल, पण जेवतो फडाच्या पंक्तीत, हे तुम्हालाही ठाऊक असतं. नाटकाचा ठेकेदार वेगळा. तो निर्मात्याला ठरलेली रक्कम मोजून प्रयोगच विकत घेतो आणि थिएटर रिकामं राहिलं तर खिसा त्याचा फाटतो. म्हणून विंगेत सर्वांत मन लावून प्रेक्षक मोजणारा माणूस तोच असतो. एजन्सी दोन्हीकडची असते, म्हणजे पुष्कळदा कुठलीच नसते. तुम्हाला ती सांगते, "आर्टिस्ट ऐकत नाहीये." आर्टिस्टला सांगते, "पार्टी ऐकत नाहीये." दोघंही एकमेकांवर मनातल्या मनात रागावतात आणि प्रत्यक्षात भेटल्यावर अतिशय प्रेमाने फोटो काढतात.

तरीही तिला हसून मोडीत काढता येत नाही. ढोलकीवाला घाटात अडकला तर दुसरा उभा करते, जनरेटर आणते, पोलिसांचा परवाना काढते आणि वधूच्या काकांना शेवटच्या क्षणी स्वतः गायची इच्छा झाली तर तीही परतवून लावते. हे शेवटचं काम एकट्या एजन्सीलाच जमतं, कारण काकांना नाही म्हणणारा माणूस घरात जन्माला आलेला नसतो. शिवाय कार्यक्रम पडला तर दोष द्यायला एक पत्ता मिळतो. तिच्या कमिशनमध्ये शिव्या ऐकून घेण्याचे पैसे धरलेले असतात आणि काम बघता ते फार नाहीत.

एवढं मात्र पथ्य पाळावं. विसार देण्याआधी एजन्सीला सरळ विचारावं, यातले कलाकाराच्या हातात किती पडणार? उत्तर देताना तिला ठसका लागला, तर दुसरी एजन्सी बघावी. वेळ, वाद्यं, माणसं आणि अवकाळी पाऊस आला तर काय, हे कागदावर घ्यावं. कलावंतांना कपडे बदलायला दार लागणारी खोली द्यावी आणि पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंत त्यांना उपाशी बसवू नये. आणि राहिलेली रक्कम मोजायची ती खेळ उभा राहण्याच्या आधी.