डायोड काढला, रुपये चारशे

डेटा रिकव्हरीच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "आत काय आहे?" डिस्क पडली, भिजली की जळली, ते मागाहून. मुरलेलं गिऱ्हाईक अशा वेळी चेहरा कोरडा ठेवून म्हणतं, "काही नाही हो, जुने सिनेमे आहेत. आले तर आले." आमच्या हिने काउंटरवर पर्स टेकवायच्या आत "मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो!" असं सांगून डोळ्यांना रुमाल लावला. समोरच्या तरुणाने अदबीने टिश्यू पेपरचा डबा पुढे सरकवला आणि कागदावर आकडा लिहिला : १८,०००. रुमाल निघाला नसता तर बारावर भागलं असतं, असं माझं अजूनही मत आहे.

डिस्क बंद पाडण्याचं श्रेय सदूकाकांचं. काका आयुष्यभर वीजखात्यात होते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वायरीवर पहिला हक्क त्यांचा. टेबलावर ठेवायची ती जाडजूड एक्स्टर्नल डिस्क १२ व्होल्टवर चालायची. तिचा अडॅप्टर सापडेना, म्हणून काकांनी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला. पिन चपखल बसली. पिन बसली की व्होल्टेजही बसतं, ही काकांची श्रद्धा. टक्‌ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि काकांनी निदान केलं, "आधीपासूनच खराब होती रे ही."

आता यातली गंमत अशी की जळतो तो डिस्कच्या पोटाखालचा सर्किट बोर्ड. चांदणीच्या खाचेचे चार-सहा स्क्रू काढले की तो सुटून हातात येतो. फोटो त्याच्यावर नसतातच. ते आतल्या चकत्यांवर सुखरूप असतात. शिवाय बोर्डावर टीव्हीएस नावाचा एक इवलासा डायोड बसवलेला असतो. एरवी त्याला काही काम नसतं. लग्नात मुलीचा मामा जसा वरपक्षाचा सगळा राग स्वतःवर ओढून घेतो, तसा हा जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि शॉर्ट होऊन बसतो. मग पुढे वीजच जात नाही आणि डिस्क मेल्यासारखी पडून राहते. नशीब बरं असेल आणि मोटर चालवणारी चिप वाचली असेल, तर तो शॉर्ट डायोड नुसता उपटून टाकला तरी डिस्क फिरू लागते. नवीन बसवायलाही लागत नाही. फक्त पुढच्या वेळी मामा हजर नसतो.

हे ज्ञान मला नंतर झालं. त्या दिवशी घरात ज्ञान होतं ते मेव्हण्याकडे. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हार्डवेअरबद्दल त्याची मतं फार ठाम असतात. "भाऊजी, सेम मॉडेलचा बोर्ड आणायचा आणि लावायचा. स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे," तो म्हणाला. वीस वर्षांपूर्वीच्या पुष्कळ डिस्कांना हे चालायचं. आताच्या बोर्डावर आठ पायांची एक रॉम चिप असते आणि त्या एकाच डिस्कच्या हेडांची नेमकी मापं तिच्यात भरलेली असतात. कारखान्यात शेजारी जन्मलेल्या डिस्कचा बोर्ड लावला तरी आपली डिस्क त्याला ओळख देत नाही. जुन्या बोर्डावरची चिप गरम हवेने सोडवून नव्या बोर्डावर चढवावी लागते. काही बोर्डांवर तर ती वेगळी नसतेच, मोठ्या चिपच्या पोटात असते. तिथे मेव्हण्याचा स्क्रू ड्रायव्हर अगदीच पोरका.

तर आम्ही गेलो ते पुण्यातल्या एका चकचकीत लॅबमध्ये. गालिचा, एसी, आणि काचेपलीकडे क्लीन रूम. तिथे पांढरे डगले घातलेली दोन माणसं कशावर तरी वाकली होती. डिस्कचं हेड चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्यामुळे डिस्क उघडायची तर धुळीचा कणही चालत नाही, असं तरुणाने हळू आवाजात सांगितलं. हिने त्या काचेला जवळजवळ नमस्कार केला. आमची डिस्क काही त्या खोलीत गेली नाही. जाण्याचं कारणच नव्हतं. पण तिचं दर्शन बिलात धरलेलं होतं.

फोटो सगळे आले. डिस्क परत मिळाली आणि तिच्याबरोबर बोर्ड पाठवायची ती चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीही चुकून आमच्याकडे आली. पिशवीत एक चिठ्ठी होती. बॉलपेनने लिहिलेली : "१२ व्ही शॉर्ट. डायोड काढला. ₹ ४००." खाली मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानाचा शिक्का.

लॅमिंग्टन रोडच्या पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी डायोड, केबल आणि तुटक्या रिमोटचं बटण शोधणारा माणूस ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टनच विचारतो. तिथे कुणीतरी, बहुधा माळ्यावर, मायक्रोस्कोपला डोळा लावून हा धंदा करतो. राज्यभरातल्या गालिच्यांवरून निघालेले बोर्ड त्याच्याकडे कुरियरने जात असावेत. डिस्क लॅबमध्ये, बोर्ड मुंबईत. गुपितं जागच्या जागी आणि शॉर्ट तेवढा प्रवासाला. परदेशात तर जळका बोर्ड टपालाने पाठवा आणि रॉम चढवलेला बोर्ड टपालाने घ्या, असा उघड व्यवहार चालतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्याला डाग द्यायची कला येत नाही त्याने ती येणाऱ्याकडे काम पाठवावं, हे उत्तमच. हौसेने हॉट एअर गन हातात घेणारी लॅब जास्त भयंकर.

तरी चिठ्ठी घेऊन मी गेलोच. तरुणाने ती वाचली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "सर, एका कारखान्यातलं मशीन बंद पडलं होतं..."

"हातोडीची गोष्ट ना? हातोडी मारायचे दहा रुपये आणि कुठे मारायची हे कळण्याचे हजारो?"

"करेक्ट, सर."

"पण इथे हातोडी मारणारा लॅमिंग्टन रोडला, कुठे मारायची हे कळणाराही तोच. आणि दोन्ही मिळून चारशे."

तो क्षणभर गप्प झाला. मग फार नम्रपणे म्हणाला, "सर, मॅडमनी डिस्क त्या माळ्यावर ठेवून दिली असती का?"

नसती दिली. ही त्या जिन्याची पहिली पायरीही चढली नसती. टिश्यू पेपरचा डबा माळ्यावर ठेवतही नसावेत. मी पाणी पिऊन परत आलो.

घरी मी नवी डिस्क मागवायला घेतली, सगळ्या फोटोंची आणखी एक प्रत करून ठेवावी म्हणून. काका मागून डोकावले.

"केवढ्याची रे?"

"साडेपाच हजार."

"वेडा आहेस का?" काका म्हणाले, "आता पत्ता मिळालाय ना? चारशेत होतंय की!"