बंदुकीचं दुखणं

पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर लागला की म्हाताऱ्या पुरुषांची दोन दुखणी डोकं वर काढतात. एक गुडघ्याचं, दुसरं बंदुकीचं. गुडघा दाखवायला कुणी डॉक्टरकडे जाणार नाही. बंदुकीला मात्र नुसती शिंक आली तरी गावभर सल्ला विचारत फिरतील. कारण पुढे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कितीतरी शाळा चक्क बंद असायच्या. २०१९ पासून मुहूर्त शनिवारवर आला, तेव्हा मुलांचं काय झालं असेल ते झालं असेल.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे थर्टी-ऑट-सिक्स रायफल आहे. यातलं ‘सहा’ म्हणजे १९०६ साल. अमेरिकी लष्कराने त्या साली हे काडतूस स्वीकारलं. गेल्या हंगामाआधी आजोबांची ही लाडकी बिघडली. शंभर यार्डांवर गोळ्या सहा इंचांत विखरायला लागल्या. आजींचं म्हणणं, हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची असते, मग बिघडलं कुठे? पण हा युक्तिवाद नेमबाजीच्या रेंजवर चालत नाही. तिथलं माप ‘एक मिनिट’. अंशाचा साठावा भाग, म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच. रेंजवर भेटणाऱ्या प्रत्येकाची बंदूक एका मिनिटाची असते. निदान त्या दिवशी घरी राहिलेली तरी.

मी शाकाहारी. माझा बंदुकीशी संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता. तिथली नळी वाकडी असते हे मालकाला, गिऱ्हाइकाला आणि बहुधा फुग्यालाही माहीत असतं, म्हणून कुणी निदान करत बसत नाही. पण मी इंजिनिअर, तेव्हा आजोबांनी नोंदींची वही माझ्या हातात दिली आणि आम्ही रेंजवर गेलो.

तिथे तज्ज्ञ जमायला वेळ लागला नाही. पहिला म्हणाला, दुर्बिणीचे स्क्रू तपासा. त्याच्याकडे फक्त एक पाना होता, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्याकडे बाटल्या होत्या. गोळीवरचं तांबं नळीतल्या आट्यांत चिकटून बसतं, ते काढायला हवं, असं त्याचं निदान. अमोनियाचा असा भपकारा सुटला की सगळ्यांचे डोळे पाणावले. चिंधी आत घातली की निळी होऊन बाहेर, पुन्हा घातली की पुन्हा निळी. निळी म्हणजे तांबं शिल्लक. बराच वेळ घासून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की घासायचा ब्रश काशाचा आहे आणि काशातही तांबंच असतं. आम्ही नळी नव्हे, ब्रश विरघळवत होतो. शिवाय घासूनपुसून लख्ख झालेली नळी पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच टाकते, ही माहिती त्याने नंतर दिली.

तिसऱ्याने कान कोरायची कापसाची काडी काढली आणि नळीच्या तोंडावरून हळुवार फिरवली. कडेला ओरखडा असेल तर कापसाचे धागे अडकतात. गोळी नळी सोडते ती शेवटची जागा, तिथली बारीकशी खोटही तिला कलंडवते. धागा अडकला नाही. तो मनापासून हिरमुसला.

चौथ्याने डॉलरची नोट नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून सरकवली. नळी मोकळी हवी. दमट हवेत लाकूड फुगून तिला टेकलं की नेम बदलतो. नोट अध्येमध्ये अडली. सापडलं! एवढ्यात पाचवा म्हणाला, काही बंदुकांत कारखानाच तिथे मुद्दाम टेकू ठेवतो. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि नोट कुणाची हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

शेवटी, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, पानावाल्याला बोलावलं. दुर्बिणीच्या कड्याखाली दडलेला एक स्क्रू बोटाने फिरत होता. तो आवळला आणि सहाचे तीन इंच झाले. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडे रायफल नसावी. इथे अंगण अधूनमधून खरोखरच वाकडं निघतं आणि मग नाचणाऱ्याला आयुष्यभराची सोय होते.

उरलेल्या तीन इंचांचं काय? इथे माझी वही आडवी आली. आजोबा तीन गोळ्या झाडत. दोन चिकटून, तिसरी लांब. लांबच्या गोळीला इथे ‘फ्लायर’ म्हणतात आणि ती मोजायची नसते. मी म्हटलं, आजोबा, दर वेळी एक फ्लायर कसा? ते म्हणाले, दर वेळी असतोच, म्हणून तर त्याला नाव आहे. पाच झाडून बघू म्हटलं, तर म्हणाले, पाच झाडल्या की पसारा वाढतो. हे अगदी खरं आहे. दहा झाडल्या तर आणखी वाढतो आणि बंदुकीची खरी कुवत तेव्हा कुठे दिसू लागते. तीनांतल्या दोन जवळ पडायला बंदूक चांगली असावी लागत नाही, तिसरी विसरता आली म्हणजे झालं.

पानावाला मितभाषी माणूस. त्याने आजोबांच्या नकळत काडतुसांत एक खोटं काडतूस मिसळलं. ज्याला धक्क्याची सवय झालेली असते तो माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरतो. एरवी बाराच्या दणक्यात ते झाकलं जातं. आजोबांनी श्वास रोखला, चाप ओढला. बार झाला नाही. ‘टिक्’ एवढाच आवाज आला आणि नळीने मात्र ऐटीत जमिनीला नमस्कार घातला.

सगळ्यांनी पाहिलं. आजोबांनीही पाहिलं. त्यांनी काडतूस बाहेर काढलं, उलटसुलट निरखलं, रायफल सावकाश टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

“लिहून घे,” ते म्हणाले. “गोळी नसतानासुद्धा हलते.”