जास्वंदीवरील अतिक्रमण आणि त्याचा बंदोबस्त

ज्या गृहस्थाने, गणपतीच्या निमित्ताने का होईना, आपल्या गच्चीत किंवा परसात तांबडी जास्वंद लावली आहे, त्याने तिच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसू लागताच हातातली कामे तहकूब करावीत आणि प्रथम एका मोहापासून स्वतःस निग्रहाने आवरावे. तो मोह म्हणजे बाजारातून जहाल औषधाची बाटली आणण्याचा. शिक्षा आधी आणि तहकिकात मागाहून हा क्रम आपल्याकडे अनेक खात्यांत रूढ असला, तरी झाडाच्या बाबतीत त्याचे परिणाम पंधरवड्यात दृष्टीस पडतात, आणि त्यांवर पांघरूण घालण्यासाठी चौकशी समितीही नेमता येत नाही.

तहकिकातीचा आरंभ ओळखपरेडीने करावा. कळ्यांच्या देठांशी हिरवट वा काळसर बारीक जीव दाटीने बसले असतील तर तो मावा. फांदी हलवताच पांढरे ठिपके भुर्रकन उडून पुन्हा पानांच्या पाठीला जाऊन बसले तर ती पांढरी माशी. आणि पानावर फिकट टिपके पडून खालच्या अंगास तलम जाळे आढळले तर तो लाल कोळी, ज्यास आठ पाय असल्यामुळे कीटकांच्या दप्तरी त्याची नोंदच करता येत नाही, आणि या तांत्रिक सवलतीचा तो पुरेपूर फायदा उठवतो. परंतु हे सारे किरकोळ गुन्हेगार. शेंड्याची पाने आक्रसून त्यांचा घट्ट गुच्छ झाला असेल, त्यातील पांढरे आवरण काडीने बाजूस सारल्यावर आत गुलाबी अंड्यांची रास आणि जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, मेणचट भुकटीने माखलेला, हलण्याची इच्छा नसलेला एक जीव आढळला, आणि तो चिरडताच बोटावर गुलाबी डाग उमटला, तर आरोपी हा जास्वंदीचा गुलाबी पिठ्या ढेकूण होय, असे पंचनाम्यात निःशंक नमूद करावे. शिरस्त्यात लिहिलेले नसले तरी बोट धुवावे.

या वंशात झाडावर कायमचा कबजा बसवते ती मादी. ती कित्येक शेकडा अंडी घालते, आणि तिला पंख नाहीत. प्रौढ नरास पंखांची एक जोडी मिळते, पण तोंड मिळत नाही. सबब त्या वयातील नरावर रस शोषल्याचा आरोप टिकू शकत नाही. त्याचे पूर्ववय मात्र तपासावे. तेव्हा तोही मुकाट्याने पीतच होता.

यानंतर तपासी अंमलदाराची जी चूक हटकून होते ती मुंग्यांच्या संबंधात. खोडावरून चढउतार करणारी मुंग्यांची रांग सर्वांस दिसते, म्हणून फिर्याद तिच्यावर दाखल होते, आणि हळदीपासून खडूच्या रेघांपर्यंत सर्व उपाय तिच्यावर खर्ची पडतात. वस्तुतः मुंगी झाडाचा रस पीत नाही. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा बाहेर टाकतो त्याची ती नियमित वसुली करते आणि त्या बदल्यात कुळास संरक्षण देते. जो चिकटा वसूल होत नाही तो खालच्या पानांवर सांडून त्यावर काळी बुरशी चढते. म्हणून मुंगीस मुख्य आरोपी न करता तिची ये-जा तेवढी तोडावी. जुन्या घरांत फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. त्याच न्यायाने परातीत पाणी घेऊन, मध्ये वीट ठेवून, तिच्यावर कुंडी ठेवावी. डासांची पैदास होऊ नये म्हणून ते पाणी रोज बदलावे, आणि एखादी फांदी भिंतीस टेकलेली नाही हे पाहावे. नाहीतर एवढा खंदक खणून पूल मात्र तसाच ठेवल्यासारखे होते.

आता सर्वांत नाजूक कलम. पिठ्या ढेकणांच्या वस्तीत क्वचित त्यांच्याहून बराच मोठा, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असलेला एक जीव हिंडताना दिसतो. सामान्य माणूस त्यास टोळीचा नायक समजून प्रथम त्यालाच चिरडतो, आणि इथे घोर अन्याय घडतो. तो आहे क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्याच्या वेषात पिठ्यांच्याच वस्तीत राहून त्यांची अंडी-पिल्ले फस्त करणारा हा फौजदार होय. शंका असल्यास काडीने डिवचावे: पिठ्या जागचा हलत नाही, अळी तुरुतुरु चालू लागते. हिचा प्रौढ भुंगेरा काळसर असून डोके नारिंगी असते. हे घराणे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८९८ साली दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांवरील हिरव्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी त्यास हिंदुस्थानात आणवले. ज्या कामावर नेमणूक झाली ते काम त्याच्या हातून फारसे झाले नाही, परंतु नेमणुकीत नसलेल्या पिठ्या ढेकणांचा त्याने असा समाचार घेतला की तो येथेच कायम झाला. सरकारी नोकरीच्या इतिहासात याहून उपयुक्त कामचुकारपणाचे उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही. जहाल औषध फवारले असता प्रथम मरतो तो हा. मेणाच्या आवरणाखालील अंडी सुखरूप राहतात आणि पुढची पिढी फौजदाराविना राज्य करते.

प्रत्यक्ष कारवाई सौम्य पण चिवट असावी. प्रथम नळीने पाण्याचा जोरकस झोत पानांच्या पाठीवर मारावा. उरलेल्यांस स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक करून टिपावे. हे काम निवृत्त माणसांच्या प्रकृतीस विशेष मानवते. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबतेल, ते पाण्यात मिसळावे इतपत पातळ साबण घालून, फवारावे, आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी आठवड्याने पुन्हा फवारावे. यावर घरातून हरकत येतेच. “साबणाचं फूल देवाला कसं वाहायचं रे?” असे आजींनी विचारल्यास वाद न घालता वेळापत्रक सादर करावे: जास्वंदीचे फूल एका दिवसाचे, ते सकाळी काढावे, फवारणी संध्याकाळी करावी. त्या वेळी उद्याच्या कळीचे तोंड मिटलेले असते, आणि उन्हात तेल पडून पाने करपण्याचे भयही टळते. आजी तरीही फूल दोनदा धुतील. त्यास मुभा असावी.

शेणखत व युरिया यांचा उदार हात काही काळ आखडता घ्यावा, कारण लुसलुशीत पालवीचे आमंत्रण प्रथम याच मंडळींस पोहोचते. आक्रसलेले शेंडे मात्र दयामाया न दाखवता छाटावेत आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत दिवसभर बुडवून ठेवावेत. ते शेजाऱ्यांच्या आवारात भिरकावू नयेत: वारा पिल्लांस फुकट वाहून आणतो, मुंग्या उचलून आणतात, आणि शेजारीही ते शेंडे आपल्याच आवारात परत टाकतो.